कामापुरते इंग्रजी

‘कामापुरता मामा’ ही म्हण आपण निंदेसाठी वापरतो. गरज असेल तेवढ्यापुरते नाते जोडणारा माणूस कोणालाच आवडत नाही. परंतु माणसांच्या नात्यात जे हलकेपणाचे ठरते, ते परक्या भाषेशी जोडावयाच्या नात्यात शहाणपणाचे ठरू शकते. इतकेच नव्हे, तर कधी कधी त्यावर शेकडो माणसांचे प्राण अवलंबून असतात, हे आज आम्हांला सांगावयाचे आहे. विषय इंग्रजी शिकवण्याचा आहे. पण शाळेतल्या इंग्रजीचा नव्हे आणि वाङ्मयातल्या इंग्रजीचाही नव्हे. ज्यांची ती भाषा नाही, परंतु ज्यांना एखाद्या ठराविक कामासाठी तिच्यावाचून गत्यंतर नाही, अशा प्रौढ माणसांना ती कशी शिकवावी, आणि ह्या अफाट प्रदेशात शिक्षकाने आपले असे एक शेत कसे शोधावे, हा तो विषय.

१२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे एक बोइंग ७४७ विमान वर चढत होते, आणि कझाकस्तानचे एक इल्युशिन विमान दिल्लीकडे खाली येत होते. एकाला चौदा हजार फुटांची उंची नेमून दिलेली, दुसऱ्याला पंधरा हजारांची. मध्ये एक हजार फुटांचे अंतर, म्हणजे पुरेसे. परंतु इल्युशिन नेमलेली उंची सोडून खाली उतरले आणि हरियाणातील चरखी दादरी गावाजवळ दोन्ही विमानांची आकाशात टक्कर झाली. ३४९ माणसे गेली. एकही वाचले नाही. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या आयोगाने चौकशी केली. उंची सोडणे हे अपघाताचे मूळ कारण ठरले; आणि त्याला हातभार लावणाऱ्या कारणांमध्ये कझाक वैमानिकांचे अपुरे इंग्रजी व त्यामुळे सूचनांचा झालेला गैरसमज, हेही आयोगाने नोंदविले.

आता विचार करा, ह्या वैमानिकांना कोणते इंग्रजी यावयास हवे होते? त्यांना निबंध लिहावयाचा नव्हता. कादंबरी वाचावयाची नव्हती. आकडे, उंची, दिशा, ‘अमुक करा’ आणि ‘अमुक झाले की कळवा’ ह्यांतला फरक, आणि न समजल्यास ‘पुन्हा सांगा’ असे न लाजता म्हणणे, एवढेच इंग्रजी हवे होते. एवढे म्हटले, पण ते अचूक हवे होते. कानात खरखर असताना, दमलेल्या अवस्थेत, परक्या उच्चारांतूनही कळेल असे हवे होते. थोडे, पण पक्के. हेच कामापुरते इंग्रजी.

कोणी म्हणेल, ही नव्या काळाची विद्या दिसते. तसे नाही. इंग्रजी ही परभाषा म्हणून शिकवण्याचा धंदा सुरू झाला तोच मुळी कामापुरत्या इंग्रजीने. फ्रान्समध्ये १५७२ साली प्रॉटेस्टंट लोकांची कत्तल झाली, आणि पुष्कळ कारागीर व व्यापारी जीव घेऊन लंडनला आले. त्यांच्यासाठी झाक बेलो नावाच्या एका फ्रेंच शिक्षकाने १५८० साली इंग्रजीचे एक पुस्तक काढले, आणि १५८६ साली रोजच्या संभाषणांचे दुसरे. निर्वासिताला बाजारात काय लागते, दुकानदाराशी कसे बोलावे, हाच त्या संभाषणांचा मजकूर. शिक्षक स्वतःही परकाच होता, हे येथे ध्यानात ठेवावे. त्याकडे आम्ही पुढे येणार आहोत.

दुसरे उदाहरण आपल्याच समुद्रावरचे आणि उलट दिशेचे आहे. पूर्वेकडच्या व्यापारी गलबतांवर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली हिंदी खलाशी, म्हणजे लष्कर, काम करीत. पुढे आगबोटींच्या काळात आपल्या कोकणातलेही पुष्कळ लोक ह्या कामावर गेले. शीड चढवा, दोर सोडा, हे हुकूम त्यांना समजले पाहिजेत. खलाशांना इंग्रजी शिकवण्यापेक्षा अधिकाऱ्यांनाच खलाशांची बोली शिकवणे सोपे, असे ठरले, आणि टॉमस रोबक याने केलेला इंग्रजी व हिंदुस्थानी नाविक शब्दकोश १८११ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. तात्पर्य, ज्याला काम करून घ्यावयाचे आहे त्याला भाषा शिकावीच लागते. मग तो राजा असो की रंक.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या विद्येला शास्त्राचे रूप आले. दुसऱ्या महायुद्धानंतर विज्ञान व व्यापार ह्यांची भाषा मोठ्या प्रमाणात इंग्रजी झाली, आणि जगभरच्या विद्यापीठांतून असे विद्यार्थी आले की ज्यांना इंग्रजी वाङ्मयाची गोडी नव्हती, पण रसायनशास्त्राची पुस्तके वाचावयाची होती. १९६२ साली चार्ल्स बार्बर याने शास्त्रीय लेखनात कोणते क्रियापद किती वेळा येते हे मोजून पाहिले. १९६९ साली युअर आणि लातोर ह्या दोघांचे शास्त्रीय इंग्रजीचे पाठ्यपुस्तक निघाले. ते चिली देशातल्या अनुभवातून तयार झाले होते. सुदानमधील खार्टूम विद्यापीठात शिकवलेल्या जॉन स्वेल्स यांनी शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासल्या, तेव्हा बहुतेकांची चाल एकच दिसली. लेखक प्रथम आपले क्षेत्र दाखवतो, मग त्या क्षेत्रात कोणती जागा रिकामी आहे ते दाखवतो, आणि शेवटी ती जागा आपण कशी भरणार ते सांगतो. ह्या तीन पावलांचा उपयोग शिक्षकालाही होतो. क्षेत्र पाहावे, त्यातली रिकामी जागा हेरावी, आणि ती भरावी. पुढचे विवेचन आम्ही ह्याच क्रमाने करतो.

क्षेत्र कसे असते ते प्रथम पाहू. विमानाचे एक पाहिलेच. त्याआधी, २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे मेली. डच विमानाच्या सहवैमानिकाचे शब्द होते, ‘वुई आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ’. त्याचा अर्थ ‘आम्ही उड्डाणास निघालो’ असा होता. नियंत्रकाने तो ‘उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असा घेतला. ‘अ‍ॅट’ ह्या एका शब्दयोगी अव्ययाने काय केले पाहा! अपघाताची कारणे अनेक होती हे खरे. परंतु त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाच्या परवानगीच्या वेळीच उच्चारावयाचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणावयाचे, असा दंडक पडला. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ कोलंबियाचे एक विमान इंधन संपून पडले. ७३ माणसे गेली. सहवैमानिकाने इंधन संपत आल्याचे सांगितले होते, अग्रक्रमही मागितला होता. पण ‘इमर्जन्सी’ हा एक शब्द त्याने उच्चारला नाही, आणि तो उच्चारला जाईपर्यंत नियंत्रकांच्या लेखी ते इतर विमानांसारखेच एक विमान होते.

ह्या सर्वांवरून धडा घेऊन आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००३ साली वैमानिक व नियंत्रक यांच्यासाठी भाषेच्या सहा पायऱ्या ठरविल्या. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि देवाणघेवाण, अशा सहा अंगांनी परीक्षा. परदेशी उड्डाणाला निदान चौथी पायरी हवी. आणि गंमत अशी की सरासरी काढीत नाहीत. सहांपैकी ज्या अंगात सर्वांत कमी, तीच त्या माणसाची पायरी. साखळी सर्वांत कच्च्या कडीपाशी तुटते, हे त्यामागचे तत्त्व. चौथ्या पायरीवाल्याला दर तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागते, पाचवीवाल्याला दर सहा वर्षांनी. ठराविक वाक्ये पाठ करून येथे भागत नाही. कारण प्रवाशाला हृदयविकाराचा झटका आला, किंवा पक्षी इंजिनात शिरला, की ठराविक वाक्ये संपतात आणि साध्या इंग्रजीत बोलावे लागते. ते शिकवणारा कोणीतरी शिक्षक असतो.

समुद्राची व्यवस्था निराळी. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजांसाठी प्रमाण वाक्यांचा संग्रह मान्य केला. त्यात ‘मे’, ‘कुड’, ‘शुड’ अशी दुहेरी अर्थाची सहायक क्रियापदे टाळलेली आहेत. ‘यू मे एंटर’ म्हणजे येण्याची परवानगी, की येण्याची शक्यता? भर समुद्रात असला घोळ परवडत नाही. म्हणून वाक्य बोलण्यापूर्वी ते कोणत्या जातीचे आहे, प्रश्न की उत्तर, सूचना की इशारा, विनंती की सल्ला, माहिती की स्वतःचा बेत, हे एका शब्दाने आधी सांगून टाकण्याची सोय केली आहे. जी गोष्ट आपण सुराने आणि चेहऱ्याने सांगतो, ती येथे शब्दाने सांगावी लागते, कारण बिनतारी यंत्रावर चेहरा दिसत नाही.

तिसरे क्षेत्र इस्पितळाचे. ऑस्ट्रेलियात १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस डॉक्टर व परिचारिका यांच्यासाठी एक निराळी परीक्षा तयार झाली. तिच्यात आज बारा वैद्यकीय व्यवसाय आहेत. ऐकणे व वाचणे सर्वांना समान. पण लिहिणे आणि बोलणे ज्याच्या त्याच्या व्यवसायाचे. परिचारिकेने रुग्णाची नोंद वाचून पुढच्या ठिकाणी पाठवण्याचे पत्र लिहावयाचे, आणि रुग्णाचे सोंग घेतलेल्या माणसाशी सुमारे पाच मिनिटे बोलावयाचे. ‘माझा आवडता ऋतू’ येथे कोणी विचारीत नाही.

येथे आम्हांला आमचीच एक चूक सांगावीशी वाटते. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकांचा एक वर्ग आम्ही एकदा घेतला होता. सहा आठवडे आम्ही काळ, प्रयोग, उपपदे असे सारे व्याकरण मोठ्या तळमळीने शिकवले. शेवटच्या आठवड्यात एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, व्याकरण समजलं. पण रुग्ण दगावला, तर दारात उभ्या असलेल्या त्याच्या मुलीला हे इंग्रजीत कसं सांगायचं?” आम्हांला उत्तर आले नाही. म्हणजे वाक्य येत होते. पण ते त्या दारात चालेल की नाही, हे ठाऊक नव्हते. त्या मुलीला जे वाक्य हवे होते, त्याच्या आसपासही आम्ही सहा आठवड्यांत फिरकलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी आम्ही परदेशात नोकरी करून आलेल्या एका वयस्क सिस्टरांकडे वही घेऊन गेलो, आणि शिष्यासारखे बसलो.

त्यांनी आम्हांला दोन गोष्टी दाखवल्या. पहिली म्हणजे पाळी बदलताना एका परिचारिकेने दुसरीला रुग्ण ‘सोपवण्याची’ रीत. आत्ता काय झाले आहे, मागची हकीकत काय, माझ्या मते काय असावे, आणि आता काय करावे. एवढे चार कप्पे, ह्याच क्रमाने. व्याकरणाचा सारा खटाटोप ह्या चार कप्प्यांत बसवता येतो. भूतकाळ हकीकतीसाठी, ‘असावे’ची क्रियापदे अंदाजासाठी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या म्हणाल्या, “डॉक्टरी शब्द आमच्या मुलींना तुमच्यापेक्षा चांगले येतात. त्या अडतात रुग्णाच्या शब्दांपाशी.”

हे आपल्या भाषेवरून सहज पटेल. आपल्याकडचा रुग्ण डॉक्टरांना सांगतो, पायाला मुंग्या आल्या, अंग मोडून आले, पोटात कालवते, छातीत चमक निघाली. मराठी पुस्तकातून शिकलेली परकी परिचारिका पायावर मुंग्या शोधीत बसेल! इंग्रज रुग्ण ह्याच मुंग्यांना ‘पिन्स अँड नीडल्स’ म्हणतो, आणि आपली परिचारिका टाचण्या व सुया शोधते. चूक दोघींचीही नाही. ज्याने त्यांना शिकवले त्याची आहे.

आता दुसरे पाऊल : रिकामी जागा. इंग्रजीच्या शिकवण्या आज गल्लोगल्ली आहेत. सर्वांना सर्व काही शिकवणाऱ्याची गत ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ अशी होते. आणि ज्याच्यासारखे शंभर आहेत त्याला मोबदलाही तसाच मिळतो. तेव्हा तरुण शिक्षक आम्हांला विचारतात, की आम्ही कोणते क्षेत्र धरावे? आमचे उत्तर असे, की यादीतून क्षेत्र निवडू नका. आपल्यासमोर आज कोण बसले आहे ते पाहा. वर्गात दोघे आचारी असतील, एखादा औषधविक्रेता असेल, बंदरावर काम करणारा असेल. आपल्या घराण्यात, पूर्वीच्या नोकरीत, शेजारात कोणता धंदा आहे? औषधाच्या दुकानात वाढलेल्या मुलाला चिठ्ठीवरचे अक्षर लावण्याची जी दृष्टी असते, ती दहा पुस्तके वाचून येत नाही. आणि मग एक कसोटी लावा : ह्या धंद्यात भाषेची चूक झाली तर काय बिघडते? काहीच बिघडत नसेल, तर तेथे विशेष शिक्षकाची गरज नाही. पैसा, अब्रू किंवा जीव जात असेल, आणि बाजारातली पुस्तके त्याविषयी मुकी असतील, तर ती रिकामी जागा.

तिसरे पाऊल : जागा भरणे. ह्यात पहिले काम गरजेची मोजणी. हा माणूस इंग्रजीत बोलतो कोणाशी? समोरासमोर की दूरध्वनीवर? ऐकतो अधिक की लिहितो अधिक? समोरचा माणूस इंग्रज आहे, की तोही आपल्यासारखाच परका? हे प्रश्न मालकाला विचारावे, कामगाराला विचारावे, आणि दोघांची उत्तरे जुळत नाहीत हे पाहून प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन बसावे. तेथले खरे कागद, म्हणजे फॉर्म, नोंदवह्या, तक्रारींची पत्रे, परवानगीने व नावे झाकून जमवावे. मग शब्दांचे तीन ढीग करावे. धंद्याचे पारिभाषिक शब्द एका बाजूला. ते शिकणाऱ्याला बहुधा येतात. सर्वच शास्त्रांत लागणारे, वाढ, घट, कारण, परिणाम अशा अर्थाचे शब्द दुसऱ्या बाजूला. हे येत नाहीत, कारण ते आपले आहेत असे ना इंग्रजीचा शिक्षक मानतो, ना शास्त्राचा. तिसरा ढीग गिऱ्हाइकाच्या, रुग्णाच्या, प्रवाशाच्या बोलीचा. शिक्षकाची खरी कमाई दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगात आहे.

येथे एक शंका नेहमी निघते. ज्याला विमान चालवता येत नाही, तो वैमानिकाला काय शिकवणार? ह्याचे उत्तर असे, की विषय शिकणाऱ्याकडे असतो आणि भाषा शिक्षकाकडे. देवघेव दोन्हीकडून होते. बर्मिंगहॅम विद्यापीठात टिम जॉन्स आणि टोनी डडली-इव्हान्स यांनी विषयाचा प्राध्यापक व भाषेचा शिक्षक ह्या दोघांना एकाच वर्गात बसवून शिकवण्याचा प्रयोग केला. त्याचा वृत्तान्त १९८० साली प्रसिद्ध झाला. शिक्षकाने विषयाचे पांडित्य मिरवू नये. बुद्धिमान अडाण्याप्रमाणे प्रश्न विचारावे. ‘हे म्हणजे काय, मला समजावून सांगा’ असे शिक्षकाने खरोखर विचारले, की शिकणारा खरोखर बोलू लागतो. वर्गात ह्याहून चांगला पाठ नाही.

दुसरी शंका आपल्या मनातली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा आम्हां लोकांना हे जमेल काय? झाक बेलोची आठवण येथे करावी. जो स्वतः ती वाट चालून आला, त्यालाच खड्डे कोठे आहेत ते ठाऊक. आकाशात व समुद्रावर तर बहुधा दोन परकेच एकमेकांशी इंग्रजीत बोलत असतात. विमानाच्या बिनतारी संभाषणात ‘थ्री’ला ‘ट्री’ आणि ‘नाइन’ला ‘नाइनर’ म्हणावयाचे असा संकेत आहे, तो इंग्रजालाही पाळावा लागतो. तेथे लंडनचा उच्चार हा गुण नव्हे. समोरच्याला पहिल्या खेपेला कळणे हा गुण.

मात्र ह्या मार्गातले धोके सांगितल्यावाचून राहणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. क्षेत्र फार अरुंद केले तर शिकणारा पोपट होतो. ठराविक प्रश्नाला ठराविक उत्तर देतो आणि प्रश्न बदलला की गप्प बसतो. परदेशांचे नियम बदलतात. आज ज्या परीक्षेला गर्दी आहे तिला उद्या कोणी विचारणार नाही. म्हणून खाली साधारण इंग्रजीचा पाया पक्का हवा आणि त्यावर विशेष मजला. आणि सर्वांत मोठा धोका हा, की परीक्षा पास करून देणे म्हणजेच भाषा शिकवणे असे शिक्षक मानू लागतो. परीक्षेत रुग्णाचे सोंग घेतलेला माणूस असतो. इस्पितळात सोंग नसते.

त्या मुलीचा प्रश्न आम्ही पुढे वर्गात घेतला. त्या सिस्टरांनीच तो शिकवला. इंग्रजीत मृत्यूसाठी सौम्य शब्द पुष्कळ आहेत. पण घाबरलेल्या आणि त्यातून परक्या माणसाला ते कळतीलच असे नाही. म्हणून प्रथम खाली बसावे, त्या मुलीलाही बसवावे, वाईट बातमी आहे असे आधी सांगावे, आणि मग ‘डाइड’ हाच साधा शब्द उच्चारावा. त्यानंतर काही बोलू नये. हे ‘न बोलणे’ही आम्ही त्या दिवशी वर्गात सर्वांकडून करवून घेतले. व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात तो धडा नाही. तो ज्याला सापडला, त्याला आपले शेत सापडले, असे आम्ही समजतो. आणि इतके सांगून आपली रजा घेतो.